कोळ्याच्या अंड्यांची पिशवी: केळीत, कपाशीत, दादर ज्वारीच्या वावरात आणि घरात दिसते ती कुणाची?

रावेर_केळीबाग

राम राम मंडळी. घडांना स्कर्टिंग बॅग (घड झाकायची पिशवी) घालताना किंवा वाळलेली पानं कापताना खोडाच्या सुटलेल्या सोपटामागे मोठा, चपटा, तपकिरी कोळी सापडतो. बऱ्याचदा त्याच्या छातीखाली पांढरी गोल चकती धरलेली असते, रुपयाच्या नाण्याएवढी. व्हॉट्सॲपवर 'केळीतला जगातला सर्वांत विषारी कोळी' असा फोटो फिरतो, त्यामुळे मजूर तो दिसला की विळाच घालतात.

मला तीन गोष्टी नक्की हव्या आहेत. हा कोळी कोणता? त्या चकतीत अंडी असतील तर किती, आणि ती किती दिवसांत फुटतात? बागेत राहू दिला तर केळीला किंवा माणसाला त्रास आहे का? कपाशीवाल्यांनी आणि ज्वारीवाल्यांनीही आपापल्या पिकातलं लिहावं, म्हणजे एका जागी राहील.

सातपुडा_अष्टपाद

भाऊ, वर्णनावरून ही हेटेरोपोडा व्हेनाटोरिया जातीची मादी आहे. इंग्रजीत हिला हंट्समन म्हणतात, आपण शिकारी कोळी म्हणू. जाळं विणत नाही, रात्री खोडावर फिरून झुरळं, रातकिडे, पतंग पकडते. अंग दोन ते तीन सेंटीमीटर, पण पाय पसरले की तळहात भरतो. डोळ्यांच्या खाली, तोंडाच्या वर आडवी फिकट पट्टी दिसली की ओळख पक्की. नर अंगाने बारीक, पाय जास्त लांब आणि पाठीवर गडद उभा पट्टा.

व्हॉट्सॲपवरचा फोटो फोन्यूट्रियाचा असतो. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला कोळी. तिकडून जहाजाने युरोप-अमेरिकेत जाणाऱ्या केळीत कधीमधी निघतो, म्हणून त्याचं नाव केळीशी जोडलं गेलं. रावेर-यावल-चोपड्याच्या बागांत तो नाही. इथून केळी बाहेर जाते, तिथून इथे येत नाही. आपल्या शिकारी कोळ्याला मुठीत दाबलं तर चावतो, दुखतं, थोडी सूज येते, एवढंच.

आता चकती. तीच अंड्यांची पिशवी. दोन्ही बाजूंनी कागदासारखं घट्ट विणलेलं रेशीम, मधे अंड्यांचा थर. व्यास दीड ते अडीच सेंटीमीटर, आत दोनशेच्या आसपास अंडी, मोठ्या मादीत चारशेपर्यंत. मादी ती छातीखाली जबड्याने आणि तोंडाजवळच्या छोट्या पायांनी धरून ठेवते. त्या काळात ती क्वचितच शिकार करते, पोट सुरकुतलेलं दिसतं. फुटायला किती दिवस, हे तापमानावर आहे. उबेत तीन-चार आठवडे धरा, थंडीत जास्त.

चकती धरलेली मादी चपळ नसते, पायांत अडथळा येतो. विळ्याला नेमकी तीच सापडते, आणि एका घावात दोनशे शिकारी जातात. केळीचं पान, खोड, घड यांतलं काहीही ती खात नाही.

तापीकाठ_जळगाव

छान लिहिलंत. एक मूलभूत प्रश्न. नर कोणता, मादी कोणती, हे लांबून कसं ओळखायचं? आणि यांचा संयोग होतो तरी कसा? नराच्या पोटाखाली तसा अवयवच दिसत नाही.

सातपुडा_अष्टपाद

ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच अवयवात आहे. कोळ्याला चालायचे आठ पाय, शिवाय तोंडाच्या दोन बाजूंना पायांसारखी आखूड जोडी असते. तिला पेडिपाल्प म्हणतात, सोयीसाठी 'पाल्प' लिहितो. मादीत ती टोकापर्यंत सारखी, बारीक. पूर्ण वाढलेल्या नरात टोकाला फुगीर गोळा, मुष्टियोद्ध्याने हातमोजे घातल्यासारखा. साध्या भिंगाने दिसतो. शेवटची कात टाकण्याआधी नरात हा गोळा नुसताच गुळगुळीत फुगलेला असतो, आतली रचना उघडलेली नसते. त्यामुळे अर्धवट वाढलेला नरही ओळखता येतो.

संयोगाची पहिली पायरी मादीशिवाय होते. नर पोटाएवढं किंवा त्याहून लहान जाळं विणतो, त्याला शुक्रजाळं म्हणू. पोटाखालच्या आडव्या खाचेतून त्यावर शुक्राचा थेंब सोडतो आणि मग पाल्पची टोकं आळीपाळीने त्या थेंबात बुडवून, शाईच्या पेनात शाई ओढावी तसा तो आत ओढून घेतो. पाल्प भरले की जाळं सोडतो आणि मादी शोधायला निघतो. दिवाळीनंतर घराच्या भिंतींवर भलत्या वेळी भटकणारे बारीक कोळी बहुधा असे नरच असतात, जाळं टाकून निघालेले.

मादीच्या पोटाखाली, पुढच्या भागात, कडक चकतीसारखं जननद्वार असतं. त्यात पाल्पचं टोक बसतं. जातीगणिक दोन्हींचा आकार वेगळा, म्हणून अभ्यासक कोळ्याची जात ठरवताना रंगापेक्षा हेच दोन भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रंगावर विसंबलात तर निओस्कोना हा गोल जाळंवाला कोळी हमखास चुकतो, एकाच जातीत चार-चार रंग निघतात.

आणि ही बाब पुष्कळांना ठाऊक नसते: संयोगाच्या वेळी अंडी फळत नाहीत. मादी शुक्र आतल्या कुप्यांत साठवते, आठवडे, महिनेसुद्धा. अंडी बाहेर पडताना ती फळतात. म्हणून एकदा नर भेटलेली मादी पुढे नर न दिसता दोन, तीन, चार पिशव्या घालू शकते. बागेत एकटी मादी दिसली म्हणून ती वांझ समजू नये.

चोपडा_कपाशी

मादी नराला खाते, हे सगळ्यांतच असतं ना? शाळेत तसंच शिकलो.

सातपुडा_अष्टपाद

नाही दादा, सरसकट नाही. बहुतेक जातींत नर येतो तसा जातो. खाल्ला जाण्याचं प्रमाण गोल जाळंवाल्यांत जास्त, विशेषतः जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी काढणाऱ्या आर्जिओपीत. आपल्याकडे बांधावर, तुरीत, निवडुंगाच्या कुंपणात दिसणारी आर्जिओपी अनसूजा यातलीच. या गणातल्या काही जातींत पाल्पचं टोक मादीच्या आत तुटून राहतं आणि दुसऱ्या नराची वाट अडवतं. अमेरिकेतल्या आर्जिओपी ऑरँशियात तर दुसरा पाल्प आत गेला की नर आपोआप मरतो, मादीने काही करायची गरजच नाही.

नर जीव वाचवायलाही शिकलेले आहेत. लांडगा कोळ्याचा नर पाल्प जमिनीवर आपटून ठेका धरतो, उडी मारणारा कोळी पुढचे पाय वर करून नाचतो, जाळ्यावरचा नर जाळ्याच्या काठावरचा धागा ठरावीक लयीत छेडतो. हे सगळं 'मी भक्ष्य नाही' असं कळवण्यासाठी. सातपुड्याच्या जंगलात पावसाळ्याच्या अखेरीस मोठ्या पिवळट जाळ्याची नेफिला पिलिपेस दिसते. मादी चार-पाच सेंटीमीटर, नर जेमतेम अर्धा सेंटीमीटर. हा नर मादीच्या पाठीवर फिरून तिच्यावर रेशमाचे धागे पसरतो, त्याने ती शांत राहते. तिच्या अंड्यांची जागाही वेगळी: झाडावर नाही. ती खाली उतरून जमिनीत उथळ खड्डा करते, पिशवी त्यात ठेवते आणि माती-पालापाचोळ्याने झाकते.

दादर_अमळनेर

दादरच्या वावरातलं मी लिहितो. काळ्या मातीला भेगा पडतात, त्या भेगांच्या तोंडावर पहाटे दवाने भरलेली चादरीसारखी जाळी दिसतात, एका टोकाला नरसाळ्यासारखं भोक. ती हिप्पासाची. आणि जाळं न विणता ढेकळांवरून धावतात ते पार्डोसा. दोघेही लांडगा कोळ्याच्या कुळातले. या कुळाची पिशवी दुसऱ्या कुणाशी गल्लत होण्यासारखी नाही, कारण मादी ती पोटाच्या मागच्या टोकाला चिकटवून ओढत फिरते.

पिशवी कशी होते ते सविस्तर देतो, कारण यात प्रत्येक टप्पा नेमका आहे.

मादी आधी आडोशाला जमिनीवर रेशमाची लहान गोल थाळी विणते, पोट डावी-उजवीकडे हलवत स्वतःभोवती फिरत. थाळीच्या मधे जाड थर, कडा पातळ. मग थाळीवर पोट टेकवून चिकट द्रवासकट सगळी अंडी एका दमात सोडते. ती पिवळसर दाण्यांच्या ढिगासारखी दिसतात, द्रव सुकला की एकमेकांना धरून राहतात. लगेच वरून दुसरा थर विणते. त्यानंतर थाळीच्या कडा जमिनीपासून दातांनी सोडवते, वर दुमडते, खालच्या आणि वरच्या थराच्या सांध्यावर धागा घालते, आणि पायांत धरून गोल गोल फिरवत गोळा करते. शेवटी रेशमाच्या धाग्याने तो गोळा पोटाच्या टोकाला, जिथून सूत निघतं तिथे, बांधते. काही तासांचं काम. पार्डोसाची पिशवी ताजी असताना निळसर-हिरवट झाक असते, पुढे मळकी होते. आत तीस ते शंभर अंडी, मोठ्या लांडगा कोळ्यात काहीशे.

हे रेशीम जाळ्याच्या रेशमाहून वेगळं. अंड्यांच्या पिशवीसाठी मादीला स्वतंत्र ग्रंथी असतात, नराला त्या नसतातच.

सांध्याची ती रेघ लक्षात ठेवा. भिंगातून पिशवीच्या मध्यावर पट्टा दिसतो. पिल्लं तयार झाली की तो पट्टा फिकट आणि रुंद होतो, आणि मादी तो स्वतः दातांनी उसवते. पिल्लांना आतून तो फोडता येत नाही. आई मेली किंवा पिशवी तुटून पडली तर पिल्लं आतच संपतात. उसवल्यावर पिल्लं आईच्या पायांवरून चढून पाठीवर थरावर थर बसतात आणि आठवडाभर तिथेच राहतात. आईच्या पोटाच्या वरच्या बाजूच्या खास गाठीदार केसांना धरून बसतात, म्हणून धावताना पडत नाहीत. त्या दिवसांत ती काही खात नाहीत, अंड्यातला बलक पोटात शिल्लक असतो त्यावर जगतात. पाणी मात्र पितात.

पिशवी हरवली तर मादी ती शोधत फिरते, आणि त्याच मापाचा कागदाचा किंवा कापसाचा गोळा मिळाला तर तोही बांधून घेते. प्रयोगात हे पुष्कळदा दाखवलेलं आहे. कोळपणी करताना तुटून पडलेली पिशवी दिसली आणि मादी जवळच घिरट्या घालत असेल, तर पिशवी काडीने तिच्यापासून वीतभर अंतरावर ठेवावी. ती बहुतेक वेळा उचलते. हाताने उचलून तिच्या अंगावर ठेवायला जाऊ नये, ती पळून जाते.

चोपडा_कपाशी

आता कपाशी. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती दुमडलेल्या पानाची. पान गुंडाळणारी अळी समजून लोक पान खुडून चिरडतात.

फरक असा. अळीचं पान चिरुटासारखं गोल गुंडाळलेलं असतं, कडा कुरतडलेल्या, आत काळी विष्ठा. कोळ्याचं पान फक्त घडी घातलेलं किंवा कोपरा मुडपलेला, कुठेही खाल्लेलं नाही, आत पांढरं दाट रेशीम आणि विष्ठा नाही. आत बहुतेक वेळा पिवळट-फिकट चिरॅकँथियम मादी अंड्यांवर बसलेली असते. हे पान बोटांनी उघडू नका. आपल्या शेतात हात लावल्यावर चावण्याची शक्यता खरी असलेला कोळी हाच, आणि अंड्यांवर असताना ती मागे हटत नाही. गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते. पान तसंच राहू द्यावं.

फुलावरचा पांढरा-पिवळा खेकडा कोळी, थोमिसस, तोही पान दुमडून चपटी पिशवी घालतो आणि मादी वर बसून राहते, पिल्लं निघेपर्यंत हळूहळू रोडावते, पुष्कळदा तिथेच मरते. पानाच्या मागे वाळलेला कोळी आणि त्याखाली शाबूत पिशवी दिसली तर तो मेलेला म्हणून झटकू नये, खालची अंडी जिवंत असतात.

हिरवा, पायांवर काटे असलेला तो लिंक्स कोळी, प्युसेशिया. पिशवी शेंड्याजवळ फांदीला धाग्यांनी ताणून बांधलेली, पृष्ठभागावर लहान टोकं आलेली, आणि मादी तिला मिठी मारून डोकं खाली करून असते. तिच्याकडे काडी नेली की पळण्याऐवजी पिशवीची दुसरी बाजू झाकते.

धुळे_घरसंसार

घरातलंही कुणीतरी लिहा. धाब्याच्या घरात कड्यांच्या सांध्यात जे असतात ते सगळे एकच वाटतात.

तापीकाठ_जळगाव

एवढं माझ्याकडे आहे. कोपऱ्यात लांबलचक काटकुळ्या पायांचा, हात लावला की गरगर थरथरणारा तो क्रॉसोप्रिझा. मादी अंड्यांभोवती नुसते चार-दोन धागे गुंडाळते आणि तो घोस जबड्यात धरून लटकते. दहा ते साठ दाणे, उघड्या डोळ्यांनी मोजता येतील इतके स्पष्ट. पिशवीचं आवरण जवळपास नाहीच, आईचा जबडा हीच पिशवी. त्यामुळे झाडूने मादी पडली की अंडी गेलीच. हा कोळी डास आणि दुसरे कोळीही खातो.

भिंतीवर फोटोच्या फ्रेममागे पांढरा दाट चपटा ठिपका, आत कोळी बसलेला: उडी मारणारा कोळी, प्लेक्सिपस किंवा मेनेमेरस. ओट्याखाली तपकिरी कागदी थेंबासारखी लोंबती पिशवी: गुंतागुंतीचं विस्कटलेलं जाळं करणारे. आणि जर चपट्या, फिकट गुलाबी, कोपरे निघालेल्या चांदणीसारख्या पिशव्या ओळीने दिसल्या तर झोसिस. त्याला विषग्रंथीच नसतात.

दिवाळीच्या झाडझुडीत हलवायचा असेल तर: वर काचेचा ग्लास, खालून पोस्टकार्ड सरकवायचं, गोठ्यात किंवा परसात सावलीत सोडायचं. क्रॉसोप्रिझाला ग्लासात पाय दुमडू द्यायचे, ओढायचं नाही, पाय सहज तुटतात. भिंतीला चिकटलेली पिशवी खरवडली तर फाटते. कोळ्यासकट फ्रेमच महिनाभर राहू देणं सोपं.

कुंभारमाशी

सगळे आईच्या पहाऱ्याबद्दल लिहिताहेत, मी पहारा कुणापासून ते लिहितो. पिशवीची रचना त्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात मोठा शत्रू पक्षी नव्हे, मुंग्या आणि बारीक परजीवी माश्या. सेलिओनिडी कुळातली बेइअस ही गांधीलमाशीची नातेवाईक जेमतेम एक मिलिमीटरची, मादीला पंख नाहीत. ती पिशवीत शिरून कोळ्याच्या एकेका अंड्यात स्वतःचं एकेक अंडं घालते. तिची अख्खी वाढ कोळ्याच्या एका अंड्यात पुरी होते. काही इक्न्युमॉन माश्या बाहेरूनच लांब नळी खुपसून पिशवीत अंडी घालतात, त्यांच्या अळ्या आत सगळं फस्त करतात. म्हणून गोल जाळंवाल्यांच्या पिशवीत बाहेर कागदी कवच आणि अंड्यांभोवती सैल कापसासारखा जाड थर असतो. त्या सैल थराने अंडी भिंतीपासून दूर राहतात आणि नळी तिथवर पोचत नाही.

मँटिस्पिड नावाचा कीटक आणखी पुढे जातो. दिसायला प्रार्थनाकीटकासारखा, पंख जाळीदार. त्याची अळी मादी कोळ्याच्या अंगावर चढून बसते आणि मादी पिशवी विणायला लागली की विणतानाच आत शिरते. मग आत बसून अंडी नळीसारख्या तोंडाने एकेक शोषते. बाहेरून पिशवी शाबूत, आई पहाऱ्यावर, आत काहीच नाही.

रिकामी पिशवी कशाने रिकामी झाली ते भोकांवरून कळतं. पिल्लं गेली असतील तर एक-दोन मोठी, कडा विसकटलेली भोकं आणि आत पांढऱ्या पापुद्र्यासारख्या काती. परजीवी गेले असतील तर सुईने टोचल्यासारखी गोल स्वच्छ भोकं, आत काळपट अंडी. आणि शिंजीर पक्षी पिशवीचं रेशीम घरट्यासाठी ओढून नेतो, तेव्हा अर्धी फाटकी उरते.

सायक्लोसा कोळी पिशव्या जाळ्याच्या मध्यरेषेत खाल्लेल्या किड्यांच्या सालपटांमधे ओवून ठेवतो आणि स्वतः त्या ओळीत पाय आखडून बसतो. पाच पावलांवरून कचऱ्याची काडीच वाटते. निवडुंगाच्या कुंपणावरची तंबूसारखी जाळी, सिर्टोफोरा, ती जाळ्याच्या मध्यावर पिशव्यांची उभी माळ टांगते, नवी पिशवी जुनीच्या खाली.

रावेर_केळीबाग

कुंभारमाशी दादा, आपल्याकडे भिंतीवर मातीचं घर करणारी माशी, जिच्या नावाने तुम्ही लिहिता, ती कोळीच भरते ना त्यात?

कुंभारमाशी

हो. ती अंड्यांना हात लावत नाही. कोळ्याला डंख मारून लुळा करते, मातीच्या कप्प्यात भरते, त्यावर आपलं अंडं घालते. बंद कप्पा फोडला तर आत दहा-पंधरा कोळी, बहुतेक लहान निओस्कोना किंवा उडी मारणारे, मेलेले नसतात, पाय दाबले तर हलतात.

सातपुडा_अष्टपाद

बाभळी-बोरीवरची मोठी मळकट जाळी राहिली. चेंडूएवढी ते घागरीएवढी, पानं-काड्या गुंतलेली, आत बोगदे. ती स्टेगोडायफस सारासिनोरम, समूहाने राहणारा कोळी. एका घरट्यात पाच-पंचवीस ते शेकडो, बहुतेक माद्याच, नर थोडे. शिकार सगळे मिळून ओढतात.

पिशव्या घरट्याच्या आत. पिल्लं निघाली की माद्या पोटातला द्रव तोंडावाटे बाहेर आणून त्यांना भरवतात. हा द्रव म्हणजे पचलेलं अन्न आणि त्यांच्या स्वतःच्या विरघळू लागलेल्या आतड्यांचा रस. शेवटी पिल्लं आईलाच शोषून घेतात, ती पाय हलवत नाही. याला मातृभक्षण म्हणतात. पिल्लं वाढली की घरटं तेच राहतं.

कुंपणाची बाभूळ छाटताना अशी फांदी वेगळी काढून दुसऱ्या काटेरी झुडपात अडकवली तर घरटं टिकतं. जाळलं तर सगळी पिढी एका काडीत जाते, म्हणून फांद्यांच्या ढिगाला काडी लावण्याआधी एकदा बघा.

दूध पाजणारा कोळीही आहे, पण तो इथला नाही. चीनमधला मुंगीसारखा दिसणारा टॉक्सिअस मॅग्नस, उडी मारणाऱ्या कोळ्यांतला. २०१८ साली त्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. आई अंडी घालायच्या खाचेतून थेंब सोडते, पिल्लं पहिले वीस दिवस केवळ त्यावर वाढतात, आणि त्यात गाईच्या दुधाच्या सुमारे चौपट प्रथिनं आहेत.

विद्यार्थी_नंदुरबार

पिशवी बाटलीत ठेवून पिल्लं निघताना बघायची आहेत. काय काळजी घ्यावी? मागे कुणीतरी ठेवली तर बुरशी आली म्हणे.

दादर_अमळनेर

बुरशी येते ती ओला बोळा पिशवीला टेकला म्हणून. असं करा.

अर्धा लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी. तळाला दोन बोटं कोरडी, उन्हात तापवून गार केलेली माती. एका बाजूला बाटलीच्या झाकणात ओला कापूस, रोज दोन-तीन थेंब, कापूस चिंब नको. तोंडावर जुन्या धोतराचं मलमल आणि रबर. प्लास्टिकचं झाकण भोकं पाडूनही नको, पिल्लं त्या भोकांतून निघून जातात. बरणी घरात सावलीत. एप्रिल-मे मधे हा प्रयोग करूच नका. पारा ४४-४५ वर गेला की खिडकीतली बरणी तव्यासारखी तापते. जुलै ते नोव्हेंबर उत्तम.

पिशवी फांदीला असेल तर फांदीसकट कापून आणा, देठ मातीत खोचा. लांडगा कोळी किंवा शिकारी कोळी असेल तर आईसकटच, नाहीतर आणू नका. आईला आठवड्यातून एखादा रातकिडा द्या, न खाल्ल्यास दुसऱ्या दिवशी काढून घ्या. उरलेला रातकिडाच पिशवी कुरतडतो. तारीख चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवा.

अंडं फुटल्यावर पिल्लं लगेच बाहेर येत नाहीत. पहिली कात पिशवीतच टाकतात, त्यामुळे आतून हालचाल जाणवूनही चार-सहा दिवस काही होत नाही. तेव्हा घाईने कात्री लावली तर पांढरी, डोळे नीट न आलेली, चालता न येणारी पिल्लं बाहेर पडतात आणि मरतात. बाहेर आल्यावर मात्र दोन-तीन दिवसांत सोडून द्या. बलक संपला की ती एकमेकांना खातात, पन्नासची पाच होतात.

लांडगा कोळ्याची आई बरणीत मेली तरच, आणि सांध्याची रेघ फिकट-रुंद झाली असेल तरच, बारीक सुईने त्या रेघेवर दोन-तीन मिलिमीटर उसवा. बाकीचं पिल्लं करतात.

चोपडा_कपाशी

फवारणीचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो, कारण आपल्याकडे कोळी कमी होण्याचं मोठं कारण तेच. सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन यांसारखी पायरेथ्रॉइड कोळ्याला फार मारक आहेत, बोंडअळीपेक्षा लवकर कोळी पडतो. पिशवीचं रेशीम आतल्या अंड्यांना फवाऱ्यापासून काही प्रमाणात वाचवतं, पण पिल्लं बाहेर येऊन त्याच पानांवर चालतात आणि पानावर उरलेल्या औषधाने मरतात. आई मेली तर लांडगा कोळ्याची पिशवी बंदच राहते, हे वर आलंच आहे.

सुरुवातीच्या रसशोषक किडींना पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर दहा लिटर पाण्यात, सकाळी फडक्याने गाळून दोनशे ग्रॅम साबणचुऱ्यासह शंभर लिटर करायचं, त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. रासायनिक लागलंच तर नुकसानीची पातळी ओलांडलेल्या पट्ट्यातच, बांधाकडच्या दोन ओळी सोडून. बांधावरूनच कोळी परत आत येतात. कोळी एकटा गुलाबी बोंडअळी थांबवेल असं मी म्हणणार नाही. अळी बोंडात शिरली की त्याच्या हाती लागत नाही. पतंग, मावा, तुडतुडे आणि लहान उघड्या अळ्या यांवर त्याचा उपयोग खरा आहे. मधमाशीही खातो, तेही मान्य.

तापीकाठ_जळगाव

पिल्लं एवढी एका जागी निघतात, मग शेतभर पसरतात कशी? चालत?

सातपुडा_अष्टपाद

थोडी चालत, बाकीची उडत. हिवाळ्यात सकाळी गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या शेतावर उन्हाच्या दिशेने बघा, ओंब्यांच्या टोकांवर धागे चमकतात. पिल्लू टोकावर चढतं, पायांची टोकं टेकवून उंच होतं, पोट आभाळाकडे करतं आणि सूत सोडतं. वारा मंद हवा, ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या आत. जास्त वाऱ्यात ती खाली दबून बसतात. केवळ वारा नाही, हवेतलं विद्युतक्षेत्रही सुताला उचलतं, हे २०१८ मधे प्रयोगाने दाखवलं गेलं. १८३२ मधे डार्विनच्या बीगल जहाजावर किनाऱ्यापासून साठ मैलांवर असे हजारो कोळी उतरले होते.

शिकारी कोळ्यासारखे जड अंगाचे मात्र फारसे उडत नाहीत. रावेर भाऊ, तुमच्या बागेतले तुमच्याच बागेत राहतात. म्हणून एका चकतीचाही हिशोब आहे.

रावेर_केळीबाग

मजुरांना सांगायचं ते असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. सोपट काढताना चकतीवाला कोळी दिसला तर सोपट तसंच सोडून पुढच्या झाडाकडे जायचं. घडावरच असेल तर लांब दांड्याने त्याच झाडाच्या खोडाकडे सरकवायचा, बॅग घालायच्या आधी. कापलेली वाळलेली पानं लगेच पेटवायची नाहीत, दोन ओळींच्या मधे आच्छादन म्हणून पसरायची.

सातपुडा_अष्टपाद

बरोबर आहे. दोनच भर. बॅगेच्या आत कोळी अडकला तर तो चकतीसकट आतच राहतो, बॅगचं खालचं तोंड उघडं असतं, पिल्लं तिथून निघतात. कापणीच्या वेळी फक्त घड झटकून बघा. आणि करपा लागलेली पानं आच्छादनात नकोत, ती बागेबाहेरच न्यायची. तिथे नेण्याआधी पानाचा देठाकडचा भाग एकदा आपटा, शिकारी कोळी देठाच्या खोबणीतच बसलेला असतो.